गाणं, कुस्ती, कोर्ट: एका खात्यात तिघं नांदत नाहीत

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. प्रश्न शेवटी विचारतो. आधी माझं यूट्यूब काय चीज आहे ते सांगावं लागेल, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी "नवीन खातं काढा की राव" म्हणून मोकळं होईल.

मी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, आणि रात्री बारा ते सकाळी आठ ही माझ्याच गळ्यात जास्त पडते. ज्यांची पोरं लहान त्यांना दिवसपाळी असा अलिखित नियम आहे, आणि माझी पोरगी पुण्यात नोकरीला लागली. दर तासाला रसाचा नमुना येतो. ब्रिक्स (रसात विरघळलेलं एकूण किती) बघायचा, पोल (त्यात साखर किती) काढायचा, प्युरिटीचा आकडा रजिस्टरात टाकायचा, बगॅसमधनं, म्हणजे उसाच्या चोथ्यातनं, साखर जास्त जायला लागली तर मिलवर फोन करायचा. उरलेल्या वेळात मोबाइल. इअरफोन एकाच कानात, कारण दुसरा कान मिलकडं. नो केन, म्हणजे ऊस संपला, झालं आणि मिल थांबायला लागली की आवाज बदलतो, फोन यायच्या आधी कळतं.

तर गेल्या काही रात्रींत काय पाहिलं ते हिस्टरी उघडून लिहितोय, लपवत नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांचं दूरदर्शनचं जुनं रेकॉर्डिंग. ब्रिस्बेन कसोटीचा पाचवा दिवस. पंचक्रोशीतल्या एका यात्रेचं कुस्त्यांचं मैदान, मातीतलं, हलगीसकट. सुप्रीम कोर्टातली शिवसेनेच्या खटल्याची सुनावणी. वाजपेयींचं मे १९९६ चं लोकसभेतलं भाषण, तेरा दिवसांचं सरकार जाताना केलेलं. अण्णा भाऊंची 'माझी मैना', वेगवेगळ्या शाहिरांच्या तोंडून. ब्रिटिश पंतप्रधानांची बुधवारची प्रश्नोत्तरं. कोक स्टुडिओ, पाकिस्तानचा. आणि गोट्यांच्या शर्यती. हो, काचेच्या गोट्या. वाळूच्या उतारावरनं रंगीत गोट्या सोडतात आणि एक माणूस ऑलिंपिकच्या थाटात समालोचन करतो. २०२० च्या लॉकडाउनात खेळ बंद होते तेव्हा लागलेलं व्यसन आहे, सुटत नाही.

पुतण्या म्हणतो, काका, तुमच्या मोबाइलवर भंगारवाल्याच्या गाड्यासारखं सगळं एकावर एक पडलंय. पडू दे. मला त्यात गोंधळ वाटत नाही, आणि का वाटत नाही ते कोर्टावरनं सांगतो, कारण बिघडलंही तिथनंच.

घटनापीठांचं कामकाज २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसायला लागलं. त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेचं प्रकरण होतं, पण खरी लांब सुनावणी चालली फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या ऐन गळितात. दिवसा दिल्लीत युक्तिवाद व्हायचा, रात्री मी लॅबमध्ये ऐकायचो. समोर पाच न्यायमूर्ती. एकीकडं सिब्बल आणि सिंघवी, दुसरीकडं साळवे, कौल, जेठमलानी, राज्यपालांच्या वतीनं तुषार मेहता. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी 'नबाम रेबिया' नावाचा २०१६ चा एक निकाल असतो आणि त्यात म्हटलंय की अध्यक्षाला हटवायची नोटीस पडून असताना त्यानं आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय घेऊ नये, हे मला रसाची प्युरिटी काढता काढता पाठ झालं. संध्याकाळी चॅनेलवर त्याच सुनावणीचं "ठाकरेंना धक्का" नाहीतर "शिंदेंना धक्का" झालेलं असायचं. रात्री मूळ ऐकायला बसलो की धक्का सापडायचा नाही. न्यायमूर्ती काहीतरी विचारायचे, वकील पान शोधायचे, पीडीएफचा पानक्रमांक आणि छापील पानक्रमांक जुळायचा नाही, मग सगळे गप्प. मला त्या गप्प बसण्यातच जास्त कळायचं, कारण प्रश्न कुठं अडलाय ते तिथं दिसतं.

मग ११ मे २०२३ ला निकाल आला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलवायला पुरेसं कारण नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत बसवता येत नाही, आणि नबाम रेबियाचा प्रश्न सात न्यायमूर्तींकडं. आमच्या कँटीनमध्ये दोन्ही बाजूंची माणसं चिडली होती. मी कुठल्या बाजूचा ते इथं सांगत नाही, पण हे सगळं एकाच निकालात कसं बसतं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

कुस्तीचंही तसंच. मोबाइलवर कुस्तीचे जे तुकडे फिरतात त्यात पैलवान आला, घिस्सा मारला, समोरचा चित. पंधरा सेकंदांत विषय संपला. त्याच्या आधीची खडाखडी कापलेली. मानेवर हात टाकून तो पुढच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते चाचपत असतो, पट काढायचं सोंग करतो, अंगावर माती टाकायच्या निमित्तानं दम घेतो. हलगीवाला ठेका चढवतो. निवेदक माइकवरनं त्याच्या वस्तादाचं, तालमीचं, आज्याचं नाव घेतो. मैदानाला बसलेल्या म्हाताऱ्यांना डाव पडायच्या आधी कळलेलं असतं आणि ते आधीच उठून उभे राहतात. हे कापलं की राहते ती आदळआपट.

ब्रिस्बेनचं, म्हणजे १९ जानेवारी २०२१ चं, बहुतेकांना पंतचे नाबाद ८९ आठवतात. मी पुजाराच्या ५६ धावा बघतो, २११ चेंडूंतल्या. हायलाइट्समध्ये पुजारा म्हणजे नुसते अंगावर बसलेले चेंडू. पूर्ण सत्र बघितलं तर ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज दुपारनंतर का थकले ते दिसतं. १९८८ नंतर त्या मैदानावर ते हरले नव्हते. त्यांना हरवायला कुणीतरी दिवसभर मार खाणं भाग होतं.

मन्सूरांबद्दल लिहायला बसलो तर दुसरा धागा काढावा लागेल. आलापात ते फार रेंगाळत नाहीत, बंदिशीत शिरतात आणि तिथनं बाहेरच येत नाहीत. एवढंच म्हणतो की जो कुणी जुनी रेकॉर्डिंग चढवताना तानपुरे जुळवतानाचा भाग कापून टाकतो त्याचं आणि माझं पटायचं नाही.

आता दुखणं. मशीनला यातलं काही कळत नाही. कोर्ट बघितलं की समोर प्रवक्त्यांची भांडणं येतात, लाल अक्षरांत "धज्जियाँ उडा दीं". ब्रिस्बेन बघितलं की "पाकिस्तानी मीडिया रडला". कुस्ती बघितली की प्रोटीनचे डबे विकणारे. ब्रिटिश पार्लमेंट बघितलं की अमेरिकेतले दोन ओरडणारे. मन्सूर लावले तर "गाढ झोपेसाठी राग, आठ तास". ज्या माणसाच्या तानेनं मेलेला उठून बसेल त्याच्या शेजारी झोपेचं औषध! वर घरच्या टीव्हीवर हेच खातं. तिथं वडील कीर्तन लावतात, मंडळी उकडीच्या मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या ते बघतात, पुतण्या येऊन मोटारसायकली बघून जातो.

म्हणून विचारतो: (एक) तुमच्यातल्या कुणाची आवड अशी तीन-चार गावची असेल तर खातं कसं सांभाळता? (दोन) सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापलेलं, मध्ये कुणी समजावून सांगायला न बसलेलं असं काय बघू? गाणं, खेळ, राजकारण, काहीही चालेल. बॉयलर पेटलाय, आठवड्याभरात मोळी पडेल.

---

सिली_पॉइंट

खाडाखोडीवरचा सगळा राग पटला, पण तुमची आवड "लांबलचक" गोष्टींची आहे असं तुमचं तुम्हीच ठरवून टाकलंय, ते जरा तपासा. १९९७ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेतला रॉनी ओसलिव्हनचा १४७ चा ब्रेक बघा, म्हणजे एका दमात पूर्ण गुण. सलग छत्तीस वेळा चेंडू खिशात टाकला, वेळ पाच मिनिटं आठ सेकंद. कापायला जागाच नाही. शेवटी शेवटी तो पांढरा चेंडू थांबायची वाटसुद्धा बघत नाही. स्नूकर न कळणारा माझा भाऊ तोंड उघडं टाकून बघत बसला होता. तुमच्या गोट्याही पाच मिनिटांतच खाली पोचतात की!

लांबच हवं असेल तर २००८ ची विम्बल्डन फायनल पूर्ण बघा. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा खेळ, पावसाचे थांबे वेगळे. फेडरर दोन सेट मागे, चौथ्याच्या टायब्रेकमध्ये दोन मॅच पॉइंट वाचवतो, आणि पाचव्यात ९-७ ला हरतो तेव्हा चेंडू नीट दिसत नाही इतका अंधार झालेला. पुजारा आवडतो म्हणताय तर हेडिंग्लीची २०१९ ची अ‍ॅशेस कसोटीसुद्धा, पण स्टोक्ससाठी नको. शेवटची जोडी मैदानात, ७३ हव्यात. स्टोक्स नाबाद १३५, जॅक लीच नाबाद १. त्या एका धावेसाठी सतरा चेंडू खेळले. दर षटकानंतर तो चष्मा पुसतो, ते हायलाइट्सवाल्यांनीही कापलं नाही, यावरनं काय ते समजा.

---

कोडवाला_कोथरूड

मी शिफारशींच्या यंत्रणांवरच काम करतो (यूट्यूबमध्ये नाही), म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

गूगलच्या इंजिनिअर लोकांनी २०१६ मध्ये यूट्यूबच्या शिफारशींवर एक पेपर प्रसिद्ध केला. जुना झाला, पण सांगाडा समजायला अजून बरा. काम दोन टप्प्यांत होतं. आधी प्रचंड साठ्यातनं काहीशे व्हिडीओ उचलायचे, आणि ते उचलताना तुमच्यासारखं बघणाऱ्या इतरांनी काय बघितलं याला मोठं वजन. मग त्या काहीशेंना क्रम लावायचा, तुम्ही त्यावर किती वेळ टिकाल या अंदाजानं. क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला महत्त्व २०१२ पासून आलं. आता तुमच्या डोक्यात कोर्ट, खडाखडी आणि पुजारा एका ओळीत बसतात. पण ती ओळ तुमची एकट्याची आहे. सुनावणी बघणारे बरेच जण नंतर प्रवक्त्यांची भांडणंही बघत असणार, म्हणून मशीननं तुम्हाला त्यांच्या पंगतीला बसवलं. तुमच्यावर राग नाही त्याचा.

मशीनला मजकूर कितपत "कळतो" यावर एक खरा किस्सा. अँटोनियो राडिच हा क्रोएशियाचा माणूस बुद्धिबळाचे डाव समजावून सांगतो, भलं मोठं चॅनेल आहे. जून २०२० मध्ये ग्रँडमास्टर नाकामुराबरोबर गप्पा चालू असताना त्याचं चॅनेल धोकादायक मजकूर म्हणून बंद पडलं, दिवसभरात परत सुरू झालं. कारण यूट्यूबनं सांगितलं नाही. पुढं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी द्वेषयुक्त भाषा ओळखणारे प्रोग्रॅम बुद्धिबळाच्या कॉमेंट्सवर चालवून पाहिले, तर काळा, पांढरा, हल्ला, धोका असल्या शब्दांवरनं ते निरुपद्रवी वाक्यांनाही पकडत होते. सिसिलियन डिफेन्स खेळणारा माणूस वर्णद्वेषी!

उपाय. "रस नाही" हे बटण दाबून दाबून अंगठा झिजेल. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२२ मध्ये तपासलं होतं, त्याचा परिणाम फारच किरकोळ निघाला. "या चॅनेलची शिफारस करू नका" त्यापेक्षा बरं चालतं, म्हणून भांडखोर चॅनेलं एकदा बसून तशी काढा. हिस्टरी पूर्ण बंद करून आधीची पुसलीत तर ऑगस्ट २०२३ पासून होमपेज कोरंच दिसतं. तुमच्यासारख्याला ते चांगलंच आहे, सबस्क्रिप्शनच्या पानावर जायचं, तिथं तुम्ही निवडलेली चॅनेलंच असतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे एकाच ईमेलखाली दोन-तीन वेगळी चॅनेलं काढता येतात. प्रत्येकाची हिस्टरी वेगळी, शिफारशी वेगळ्या. नवीन सिम लागत नाही, नवीन ईमेल लागत नाही. टीव्हीवर घरच्यांना पाहुणा म्हणून बसवा, म्हणजे गेस्ट मोड.

जाता जाता: बुद्धिबळ तुमच्या यादीत कसं नाही? जुलै २०२५ ची महिला विश्वचषकाची अंतिम फेरी बघा, बातुमीची. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी, दोन्ही डाव बरोबरीत, मग जलद टायब्रेक. कॅमेरा दोघींवर स्थिर. जिंकल्यावर ती रडते तोवर कुणीही काही समजावत नाही असा आवाज बंद करून बघितलात तर.

---

तिसरी_घंटा

कोडवाल्यांनी टीव्हीवर घरच्यांना पाहुणा करायला सांगितलं ते वाचून हसू आलं. वडिलांचं कीर्तन आणि वहिनींचे मोदक यांनी खातं "बिघडलं" असं रात्रपाळीदादा म्हणत नाहीत, पण सूर तसा लागलाय. बिघडवलं तुमच्या प्रवक्त्यांनी, आणि ते आले तुमच्या कोर्टापाठोपाठ. पाहुणे तुम्ही व्हा की!

आणि "न कापलेलं" म्हणजे निर्मळ, हे मी मान्य करणार नाही. मी नाटकवाली आहे, प्रकाश कुणावर टाकायचा यातच अर्धं नाटक असतं. संसदेचं थेट प्रक्षेपण घ्या. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा अध्यक्षांच्या आसनाकडे वळतो, घोषणा ऐकू येतात आणि माणसं दिसत नाहीत. विरोधी पक्षात कुणीही असो, ही तक्रार असतेच. ब्रिटिश कॉमन्समध्ये नोव्हेंबर १९८९ ला कॅमेरे आले तेव्हाही नियम असाच होता. बोलणाऱ्याचं डोकं आणि खांदे दाखवायचे, दंगा झाला तर स्पीकर दाखवायचा. एकही कात्री न लावता केवढं तरी कापता येतं.

उलट कापलेल्या तुकड्याचीसुद्धा एक कला असते. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंनी काय केलं? पक्षाचा एक उमेदवार उभा नाही, आणि सभा तुडुंब. "लाव रे तो व्हिडीओ" म्हटलं की पडद्यावर जुनं भाषण, मग त्याच्यावर आजची वस्तुस्थिती. मतांचं काय झालं ते सोडा. पण भाषणाच्या मध्ये पुरावा म्हणून चित्रफीत लावायची आणि तिच्या शेवटाला बरोबर टाळी घ्यायची, हे टायमिंग आमच्याकडे तालमीत महिनाभर घोटून येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात साताऱ्यात पवारांची पावसातली सभा झाली. किती जणांनी ती पूर्ण ऐकली असेल? सगळ्यांच्या लक्षात आहे तो भिजण्याचा तुकडा. तोच राजकारण झाला.

तुमच्या यादीत एकही बाई नाही, हे सहज दिसलं म्हणून सांगते. किशोरीताईंचा भूप लावा, आणि गाताना चेहऱ्याकडे बघा. समोर श्रोते आहेत याचं भान नाही.

---

मडगांवकार

भाऊ, गाणं वेगळं, राजकारण वेगळं अशी पेटी तुम्ही का केली ते कळलं नाही. 'माझी मैना' कशात टाकणार? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ती छक्कड. अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर यांचं लालबावटा पथक गिरणगावात गायचं ते मनोरंजन म्हणून नव्हे.

आमच्याकडे तियात्र आहे, म्हणजे कोंकणी नाटक. पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ चा, आणि तो झाला तुमच्या मुंबईत. कामधंद्याला तिथे गेलेले गोंयकारच प्रेक्षक. यात दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन कांतारं, म्हणजे गाणी, म्हणतात. कथेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. काही प्रेमाची, काही हसवणारी, आणि काही सरळ राजकारणावर. पक्ष बदललेला आमदार, खाण, जमिनीचं रूपांतर, सकाळच्या पेपरात आलेलं संध्याकाळी ट्रंपेटच्या साथीनं गाण्यात. लोक वन्स मोअर मागतात. सरकार कोणाचंही असो, आमदाराचं नाव बदलतं, चाल तीच. ऑनलाइन भरपूर सापडतात, तीन-चार मिनिटांचं एक. कोंकणी आहे, पण तुम्हाला पहिल्या दोन कांतारांत कान बसेल.

आणि मन्सूर ऐकता तर अभिषेकीबुवांच्या मैफली ऐकत असणारच. मंगेशीचे. नाट्यगीतं सोडून त्यांचं ख्यालगायन शोधा, ते लोकांनी फार कमी ऐकलंय असं माझं मत.

---

रेडिंगकर

बुधवारची प्रश्नोत्तरं मीही बघतो, ऑफिसात जेवायच्या वेळी. पण खरं सांगू, ते आधी तालीम करून आणलेलं भांडण आहे. अर्ध्या तासात सगळ्यांना आपापला तुकडा संध्याकाळच्या बातम्यांना द्यायचा असतो. तुम्हाला जे आवडतं ते तिथं मिळणार नाही.

त्यापेक्षा पोस्ट ऑफिस होरायझन चौकशीचं कामकाज बघा. थोडक्यात: इथल्या पोस्ट ऑफिसनं फुजित्सुची 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आणली. तिच्या चुकांमुळं हिशेबात तूट दिसायची आणि ती पोस्ट चालवणाऱ्याच्या माथी मारली जायची. १९९९ ते २०१५ मध्ये नऊशेहून जास्त लोकांवर खटल्यांत ठपका बसला, काही तुरुंगात गेले. त्यात आपल्याकडून आलेली दुकानदार कुटुंबंही बरीच. २०२४ च्या जानेवारीत टीव्हीवर त्याच्यावर मालिका आली तेव्हा कुठं सगळा देश हलला, पण चौकशीच्या सुनावण्या त्याच्या कितीतरी आधीपासून यूट्यूबवर पडून होत्या आणि बघणारे मूठभर.

जेसन बीअर नावाचे वकील प्रश्न विचारतात. आवाज चढत नाही. एक ईमेल पडद्यावर आणतात, खालच्या परिच्छेदावर जायला सांगतात, आणि विचारतात की हे वाचून तुम्ही काय केलंत. मे २०२४ मध्ये माजी मुख्य अधिकारी पॉला व्हेनल्स यांची साक्ष तीन दिवस चालली. खडाखडी म्हणालात ना? ती इथं आहे. पान शोधायची शांतताही भरपूर मिळेल.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. मोळी पडली, पहिली पाळी रात्रीचीच लागली. उसाचा ब्रिक्स अजून यायचाय तसा आला नाही, ती वेगळी चिंता.

कोडवाले, तुमच्या सांगण्यावरनं तीन चॅनेलं काढली. गाणं एक, खेळ एक, तिसऱ्यात कोर्ट आणि संसद. मडगांवकार, आता तुमची कांतारं कुठल्या चॅनेलवर ऐकू ते तुम्हीच सांगा. सध्या गाण्यात टाकलीत, ट्रंपेटला मान देऊन. दुसऱ्या कांताराला कान बसला नाही, चौथ्याला बसला. "आमदार" तेवढा पहिल्यापासून कळत होता.

रेडिंगकर, पोस्टाची चौकशी सुरू केली. इंग्रजी जरा भरभर जातं, पण ईमेल पडद्यावर असतात म्हणून निभावतं. आमच्या वजनकाट्यावर संगणक आला तेव्हाची भांडणं आठवली, शेतकरी म्हणायचा माझा टेंपो एवढा हलका कसा. तिथल्या त्या लोकांना तर घर विकून तूट भरावी लागली. रात्री एकट्यानं बघायची गोष्ट नव्हे, बॉयलरवरचा ऑपरेटरही आता येऊन बसतो.

सिली पॉइंट, स्नूकर बघितलं. कबूल, पाच मिनिटांत सगळं होतं. तरी आधीचा दीड मिनिटाचा भाग मी परत बघितला, खुर्चीत नुसता बसलेला असतो तो.

तिसरी घंटा ताई, कॅमेऱ्याचं खरं आहे. आमच्या मैदानातसुद्धा कॅमेरावाला ज्या गावचा त्याच गावचा पैलवान जास्त दिसतो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पण अध्यक्षांचं आसन दाखवलं तरी मागचा आवाज कापत नाहीत ना? मी ऐकतोच जास्त, रजिस्टर भरताना बघायला होत नाही. म्हणून माझी बाजू अजून सोडलेली नाही. भूप गाण्याच्या चॅनेलवर पहिल्या नंबरला आहे.

कोडवाले, एक शंका: मोबाइलवर तिन्ही चॅनेलं दिसतात, घरच्या टीव्हीवर मात्र जुनं एकच. वडील मन्सूरांच्या जागी अजून प्रवक्तेच ऐकतायत आणि हल्ली त्यांना ते आवडायला लागलेत.

---

कोडवाला_कोथरूड

टीव्हीवर खात्याच्या चित्रावर जाऊन एकदा साइन आउट करा, परत साइन इन केलं की कुठलं चॅनेल ते विचारेल. वडिलांना प्रवक्ते आवडायला लागले असतील तर त्याला माझ्याकडे सेटिंग नाही.

---

सिली_पॉइंट

वडिलांना गोट्या दाखवा.